प्रयोगशाळा माध्यमिक शाळांना, मग प्राथमिकच्या मुलांचे काय?
येलहंक्याच्या निमित्ताने शालेय अॅनिमेशन शिक्षणाचा विचार

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावला. रोज थोडेसे चित्रण करीत त्यांनी महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ते रोप काही क्षणांत मातीतून वर आले आणि ही लहानशी चित्रफीत पाहूनच ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे राहण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगपेटीतल्या काड्यांना चालविले, नाचविले. भारतातील अॅनिमेशनचा आरंभ असा मोड आलेल्या बियाणावर आणि आगकाड्यांवर झाला. या दोन्ही वस्तू आजही कोणत्याही प्राथमिक शाळेच्या आवाक्यातल्या आहेत. बियाला मोड कसा येतो, हा तर तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासातला नेहमीचा पाठ आहे. तरीही शंभराहून अधिक वर्षांनंतर, आठ-नऊ वर्षांच्या मुलाने वर्गात स्वतः असे चित्रण करावे, ही कल्पना शालेय व्यवस्थेला अनोळखीच वाटते.

हा विषय चर्चेत येण्याचे ताजे कारण म्हणजे २०२६-२७ चा केंद्रीय अर्थसंकल्प. मुंबईतील भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्याने देशातील १५ हजार माध्यमिक शाळांमध्ये आणि ५०० महाविद्यालयांमध्ये अॅनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी आशयनिर्मितीच्या प्रयोगशाळा उभारण्याचा प्रस्ताव अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२६ रोजी मांडला. या उद्योगाला २०३० पर्यंत सुमारे २० लाख व्यावसायिकांची गरज भासेल, असा अंदाज त्याच भाषणात देण्यात आला. या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली होती आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या दलाने आपला अहवाल दिला. नवा प्रस्ताव हे त्याच मार्गावरचे पुढचे पाऊल होय.

या प्रस्तावाचे स्वागत होणे स्वाभाविक आहे. तथापि त्याची भाषा मनुष्यबळाची आहे आणि म्हणूनच तो माध्यमिक शाळेपासून सुरू होतो. पहिली ते पाचवीचे मूल या गणितात बसत नाही, कारण २०३० मध्ये ते रोजगाराच्या वयाचे नसेल. अॅनिमेशनकडे केवळ उद्योग म्हणून पाहायचे, की मुलाच्या हाती असलेली एक भाषा म्हणून, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर काहीही असो, परिणाम प्राथमिक वर्गांवर होणार आहे.

येलहंक्याची दोन रूपे

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका हे ठिकाण या प्रश्नाची दोन्ही टोके एकाच वेळी दाखविते. केंपेगौडांच्या घराण्याचे हे मूळ गाव. आज त्याची ओळख हवाई दलाचा तळ, तेथे भरणारे ‘एरो इंडिया’ प्रदर्शन आणि रेल्वेचा चाके व आस तयार करणारा कारखाना अशी आहे. परंतु कला-शिक्षणाच्या वर्तुळात येलहंका उपनगर ओळखले जाते ते ‘सृष्टी’ या संस्थेमुळे. गीता नारायणन यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेली ही कला, अभिकल्प आणि तंत्रज्ञानाची संस्था पुढे मणिपालच्या विद्यापीठाशी जोडली गेली. चित्रपट आणि अॅनिमेशन शिकण्यासाठी देशभरातून विद्यार्थी तेथे येतात.

‘सृष्टी’चा उल्लेख येथे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. २००० च्या दशकात या संस्थेने बंगळुरूच्या गरीब वस्त्यांमधील मुलांसोबत ‘प्रोजेक्ट व्हिजन’ हे संशोधनकार्य हाती घेतले होते. नवी दृश्य माध्यमे मुलांच्या शिकण्यात कशी आणता येतील, याचा तो शोध होता. नारायणन यांनी त्या काळात ‘संथ शाळा’ ही कल्पना मांडली. तंत्रज्ञान आले की शिकणे वेगवान झाले पाहिजे, या समजुतीच्या ती नेमकी विरुद्ध होती. संगणकाच्या राजधानीत बसून कोणी संथपणाची बाजू घ्यावी, हे त्या वेळी काहीसे विचित्रच वाटले असणार. परंतु अॅनिमेशन हे माध्यम मुळातच संथ आहे, हे लक्षात घेतले तर त्या मांडणीतील मर्म कळते.

येलहंक्याचे दुसरे रूप तेथील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये दिसते. बंगळुरूच्या उपनगरांत वर्गात कन्नड असली तरी मुलांच्या घरी कुठे तेलुगू, कुठे तमिळ, उर्दू, हिंदी किंवा मराठी बोलली जाते. रोजगारासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांतील मूल अनेकदा शाळेची भाषा शाळेतच प्रथम ऐकते. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, मात्र ते लिहून दाखविण्याइतकी शाळेची भाषा अद्याप त्याच्या हाती आलेली नसते. चित्रांच्या क्रमातून गोष्ट सांगण्याची संधी अशा मुलाला मिळाली, तर वर्गातील त्याचे स्थान बदलू शकते. अभिकल्प-शिक्षणाची एवढी मोठी संस्था शेजारी असताना हे काम तिच्या विद्यार्थ्यांच्या एखाद्या प्रकल्पापुरते राहावे की नित्याच्या वेळापत्रकात यावे, हे ठरविणे मात्र संस्थेच्या हातात नाही, ते शालेय व्यवस्थेच्या हातात आहे.

अर्धशतक प्रेक्षकाचे

भारतीय शिक्षणाने दृश्य माध्यमाकडे दुर्लक्ष केले, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट या बाबतीत आपण अनेक देशांच्या पुढे होतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांमध्ये दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. कर्नाटकातील रायचूर, गुलबर्गा आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. दररोजच्या चार तासांपैकी सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवला होता. या मुलांच्या कार्यक्रमांमागे ज्यांचे मोठे योगदान होते, त्या विजया मुळे मुंबईत जन्मलेल्या. फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी १९७४ मध्ये केलेला ‘एक अनेक और एकता’ हा छोटा अॅनिमेशनपट दूरदर्शनच्या पुढच्या दोन पिढ्यांना पाठ झाला. त्यातील चित्रांना गती दिली होती भीमसेन यांनी.

त्यानंतर २००० च्या दशकात अझीम प्रेमजी फाउंडेशनने कर्नाटकसह अनेक राज्यांतील शाळांसाठी प्रादेशिक भाषांत अॅनिमेशनयुक्त सीडी तयार केल्या. काही वर्षांच्या अनुभवानंतर संस्थेने या मार्गावरून माघार घेतली आणि शिक्षकांच्या क्षमतावृद्धीवर भर दिला. तंत्रज्ञान शिक्षकाला पर्याय ठरू शकत नाही, हा निष्कर्ष तिने उघडपणे मांडला, ही गोष्ट दुर्मीळ म्हटली पाहिजे. २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेलेल्या ‘एज्युसॅट’ उपग्रहाचा लाभही आरंभीच कर्नाटकातील चामराजनगर जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांना देण्यात आला.

या सर्व उपक्रमांचे हेतू चांगले होते आणि त्यांतून उत्तम कार्यक्रम निर्माण झाले, यात शंका नाही. परंतु त्या सर्वांत मुलाची जागा एकच होती, पडद्यासमोरची. पन्नास वर्षांत पडदा खेड्यातील शाळेपर्यंत पोहोचला, पुढे तो मुलाच्या घरी आणि आई-वडिलांच्या मोबाइलवर आला. कॅमेऱ्यामागची जागा मात्र मुलाला क्वचितच मिळाली. पूर्वी त्याला कारणही होते. चित्रफीत महाग होती, ती धुण्यासाठी प्रयोगशाळा लागे आणि संपादनाचे टेबल शाळेत येणे अशक्य होते. आज शिक्षकाच्या खिशातील साधा मोबाइल ही तिन्ही कामे करतो. अडचण साधनांची उरलेली नाही.

दहा सेकंदांचे गणित

प्राथमिकच्या वर्गात अॅनिमेशन म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. संगणक कक्ष, महागडी प्रणाली आणि चकचकीत त्रिमितीय चित्रे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात सुरुवात कागदाच्या चकतीपासून होते. एका बाजूला पिंजरा, दुसऱ्या बाजूला पोपट काढून चकती दोऱ्यावर गरगर फिरविली की पोपट पिंजऱ्यात दिसतो. १८२५ च्या सुमारास लंडनमध्ये लोकप्रिय झालेले हे खेळणे दोन मिनिटांत तयार होते. पुढची पायरी वहीच्या कोपऱ्यात काढलेल्या चित्रांची. पाने भराभर सोडली की चेंडू उडी मारतो. फेकून देण्याच्या वस्तूंतून विज्ञान शिकविण्याची जी परंपरा अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत रुजविली, तिच्याशी हे काम अगदी जवळचे आहे.

चित्रे हलल्यासारखी का दिसतात, याचे उत्तर पाठ्यपुस्तकांत बहुधा ‘दृष्टिसातत्य’ असे एका शब्दात दिले जाते. तेवढे स्पष्टीकरण अपुरे आहे. डोळ्यांवर प्रतिमा क्षणभर रेंगाळते हे खरे असले, तरी दोन स्थिर चित्रांमधली गती मेंदू स्वतः रचतो. मॅक्स वर्थायमर यांनी १९१२ मध्ये, म्हणजे फाळके वाटाण्याचे रोप टिपत होते त्याच वर्षी, या विषयावरील आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला होता.

त्यानंतर येते मातीच्या बाहुल्यांचे किंवा कागदी कापचित्रांचे चित्रण. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. सेकंदाला १२ छायाचित्रे धरली तर दहा सेकंदांच्या चित्रपटासाठी १२० छायाचित्रे लागतात. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाच मुलांचे आठ गट केले, तर एकूण ९६० छायाचित्रे झाली. एकच मोबाइल असेल आणि प्रत्येक छायाचित्राला अर्धा मिनिट लागला, तर केवळ चित्रणासाठी आठ तास, म्हणजे ४० मिनिटांच्या १२ तासिका हव्यात. गोष्ट रचणे आणि बाहुल्या करणे याचा वेळ वेगळा. सेकंदाला सहाच छायाचित्रे घेतली तर चित्रणाचा वेळ निम्म्यावर येतो. हालचाल थोडी धक्के खात होते, पण आठ वर्षांच्या मुलांची त्याबद्दल तक्रार नसते.

या तासिकांमध्ये मूल काय करते, हे पाहण्यासारखे असते. मातीचे कासव दोन सेकंदांत २४ सेंटिमीटर चालवायचे असेल तर दर छायाचित्राला ते एक सेंटिमीटर सरकले पाहिजे. दुप्पट वेगाने चालवायचे तर दोन सेंटिमीटर. भागाकार आणि प्रमाण येथे फळ्यावर राहत नाहीत. ते पट्टी घेऊन मोजावे लागतात आणि मोजमाप चुकले तर कासव पडद्यावर उडी मारते. खिडकीतून येणारे ऊन सरकले की चित्र मध्येच उजळते. एखाद्याचा हात चौकटीत राहून जातो. पुस्तकांच्या चळतीवर टेकविलेला मोबाइल कोणाच्या तरी धक्क्याने हलतो आणि सगळे जग एका बाजूला सरकते. प्रत्येक चूक दिसते, तिचे कारण सापडते आणि ती दुरुस्त करता येते. प्रश्नपत्रिकेतील चुकीबद्दल असे क्वचितच म्हणता येईल.

विशेष म्हणजे या कामातील बहुतेक वेळ पडद्याकडे पाहण्यात जात नाही. तो माती मळण्यात, कातरकामात आणि वादविवादात जातो. वादविवाद तर अटळ असतात, कारण कासव शेवटी जिंकावे की नाही, यावर पाच जणांचे एकमत व्हावे लागते.

आक्षेप आणि वास्तव

याउलट एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘असर’ २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पायाभूत वाचन आणि गणितासाठी ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू करण्यात आले आणि त्याचे लक्ष्य २०२६-२७ हे वर्ष ठेवण्यात आले. अशा परिस्थितीत मुलांनी मातीच्या कासवाची छायाचित्रे काढत बसावे काय, असा प्रश्न कोणताही केंद्रप्रमुख विचारील.

अॅनिमेशनमुळे वाचन सुधारते, असा दावा करणे घाईचे ठरेल. परंतु हे काम भाषेच्या तासिकेला पर्याय म्हणून नव्हे, तर भाषेच्या तासिकेतच करता येते. गोष्टीच्या प्रत्येक दृश्याचे चित्र काढून खाली एक ओळ लिहावी लागते, संवाद म्हणून दाखवावे लागतात, शीर्षके अक्षरे कापून तयार करावी लागतात. लिहिण्याला येथे एक कारण मिळते. कर्नाटकाकडे यासाठी अनुकूल परंपराही आहे. म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ मध्ये सुरू झालेली ‘नली-कली’ ही कृतिआधारित पद्धत २००९-१० पासून राज्यभरातील सरकारी शाळांच्या प्रारंभीच्या वर्गांत लागू करण्यात आली. कार्डांवरून गटाने आणि आपापल्या गतीने शिकणे तेथील शिक्षकांना नवे नाही.

दुसरा मुद्दा खासगीपणाचा आहे. मुलांचे चित्रीकरण करून ते समाजमाध्यमांवर टाकण्याची सवय शाळांनाही लागली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. मातीच्या आणि कागदाच्या अॅनिमेशनचा येथे अनपेक्षित लाभ होतो. मुलाचा चेहरा चौकटीत येतच नाही, त्याचे म्हणणे मात्र पोहोचते.

तिसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकविण्याचे सूतोवाच केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केले. एक वाक्य लिहिताच आयती चित्रफीत तयार करून देणाऱ्या प्रणाली आता सहज उपलब्ध आहेत. त्यामुळे हाताने १२० छायाचित्रे काढण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. वास्तविक याच कारणासाठी तो आवश्यक झाला आहे. कासव स्वतः सरकविलेल्या मुलाला हे ठाऊक असते की पडद्यावर जे घडले ते तसे कधीच घडले नव्हते, कोणीतरी ते रचले होते आणि मधला हात काढून टाकला होता. खऱ्या-खोट्या चित्रफितींच्या या काळात हे ज्ञान कोणत्याही सूचनापत्रकाने देता येणार नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २००३ मध्येच तीन ते अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी चित्रपट-शिक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती.

शिक्षक आणि किल्ली

मुख्य अडथळा अन्यत्र आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेत. पहिली ते पाचवीला कलाशिक्षक असावा, असे हा कायदा म्हणतच नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी नेमलेल्या कलाविषयक गटाने दहावीपर्यंत कला हा अनिवार्य विषय असावा, अशी शिफारस केली होती. २०२३ च्या आराखड्याने कलेला स्वतंत्र विषयाचा दर्जा दिला आणि एनसीईआरटीने तिसरीसाठी ‘बांसुरी’ हे कलेचे पाठ्यपुस्तकही काढले. पुस्तक आले, ते शिकविणारी व्यक्ती मात्र वर्गशिक्षकच राहिली. दोन शिक्षकी शाळेत हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे सांगण्याची गरज नाही.

अशा स्थितीत प्राथमिकसाठी आणखी एक प्रयोगशाळा मागणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. या वयाला लागतो तो एक मोबाइल, एक स्टँड, शाडूची माती, सलग बारा तासिका आणि दोन-तीन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला वर्गशिक्षक. शिक्षकांनी त्या प्रशिक्षणात व्याख्यान ऐकण्याऐवजी स्वतः दहा सेकंदांचा चित्रपट करावा, एवढी अट पुरेशी आहे. येलहंक्यासारख्या ठिकाणी कला-संस्थेचे विद्यार्थी आणि तालुक्यातील शिक्षक यांची सांगड घालणे अवघड नाही. पुणे, मुंबई आणि नाशिक येथेही कला महाविद्यालये आहेत.

माध्यमिकच्या प्रयोगशाळा कोणत्या शाळांना मिळतात, याकडेही लक्ष ठेवावे लागेल. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या बहुसंख्य शाळा पाचवी, सातवी किंवा आठवीपर्यंतच आहेत. माध्यमिक शिक्षण मुख्यतः खासगी अनुदानित संस्थांकडे आहे. त्यामुळे नववी-दहावीच्या शाळा हाच निकष राहिला तर जिल्हा परिषदेच्या शाळेचे आवारच या योजनेबाहेर पडते. कर्नाटकात प्राथमिक आणि माध्यमिक सरकारी शाळा अनेक ठिकाणी वेगळ्या असल्या, तरी ‘कर्नाटक पब्लिक स्कूल’ या योजनेत पूर्वप्राथमिक ते बारावी हे सर्व वर्ग एकाच आवारात आणण्यात आले आहेत. या शाळांची निवड प्रयोगशाळेसाठी झाली, तर तिसरीच्या मुलांना आठवड्यातून दोन तासिका ती खोली उघडून देता येईल. त्यासाठी वेगळा निधी लागणार नाही. प्रयोगशाळेच्या मार्गदर्शक सूचनांत तशी एक ओळ असावी लागेल आणि खोलीची किल्ली तिसरीच्या शिक्षकाला मागता यावी लागेल.